पहिलं बचत खातं: उघडायचं कसं आणि पासबुक वाचायचं कसं

बँकेच्या काउंटरमागे मी अठरा वर्षं काढली. त्या अठरा वर्षांत सर्वांत जास्त वेळा कानावर पडलेलं वाक्य म्हणजे "मॅडम, जरा एंट्री मारून द्या." पासबुक छापून हातात दिलं की माणूस शेवटची ओळ बघणार, शिल्लक किती ते मनात म्हणणार आणि पासबुक पिशवीत टाकणार. मधल्या चाळीस ओळी न वाचताच घरी जाणार. मग दोन वर्षांनी तोच माणूस चिडून यायचा, "माझे पैसे कापले कुणी?" कापले गेल्याचं त्या चाळीस ओळींतच लिहिलेलं असायचं.

हा लेख आहे भारतात पहिल्यांदा बचत खातं उघडणाऱ्यांसाठी, आणि खातं आहे पण ते आजवर वडिलांनी किंवा नवऱ्याने बघितलं अशांसाठीही. खातं उघडण्याची पायरी मी भराभर उरकणार आहे, कारण ते काम आता खरंच अवघड राहिलेलं नाही. वेळ घालवणार आहे तो खातं वाचण्यावर.

आधी ठरवा, कुठलं खातं

बँकेत शिरल्यावर समोरचा माणूस तुम्हाला चार-पाच रंगीत नावांची खाती दाखवेल. तुमच्यासाठी त्यातला महत्त्वाचा प्रश्न एकच: या खात्यात किमान किती शिल्लक ठेवावी लागते आणि नाही ठेवली तर किती कापता?

किमान शिलकीची कटकटच नको असेल तर 'बेसिक सेव्हिंग्ज' खातं मागा. हे खातं प्रत्येक बँकेला द्यावंच लागतं. त्यात शून्य शिल्लक चालते आणि एटीएम कार्डही फुकट मिळतं. अट अशी की त्याच बँकेत तुमचं दुसरं बचत खातं असता कामा नये. २८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झालेल्या जनधन योजनेतली खातीही याच जातीची. काउंटरवर याबद्दल कुणी आपणहून सांगत नाही, म्हणून नाव घेऊनच मागायचं.

नोकरी लागल्यावर मिळतं ते पगार खातं. तेही शून्य शिलकीचं, पण पगार येतो तोवरच. नोकरी सोडली आणि काही महिने पगार जमा झाला नाही, की बहुतेक बँका ते गुपचूप साध्या बचत खात्यात बदलतात आणि किमान शिलकीचा नियम लागू होतो. नोकरी बदलणाऱ्यांना या कारणाने दंड बसलेला मी शेकड्यांनी पाहिला आहे.

आणखी एक फरक मोलाचा आहे. पतसंस्था ही बँक नव्हे. बँकेतल्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं. बँक बुडाली तर एका ठेवीदाराला एका बँकेमागे मुद्दल आणि व्याज धरून ५ लाख रुपयांपर्यंत. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासूनची, त्याआधी ती फक्त १ लाख होती. पतसंस्थेतल्या पैशाला हा विमा नाही. आणि एकाच बँकेच्या तीन शाखांत तीन खाती असली तरी त्यांची बेरीज करूनच ५ लाख मोजतात. शाखा बदलून संरक्षण वाढत नाही, बँक बदलून वाढतं.

फॉर्म, कागद, सही

कागद लागतात ते थोडकेच: आधार, पॅन, दोन फोटो, आणि मोबाइल नंबर. आधार नसेल तर पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र किंवा रोजगार हमीचं जॉब कार्ड यांतलं एक चालतं. पॅन नसेल तर फॉर्म ६० भरून देता येतो. झेरॉक्सवर सही करताना शेजारी "खातं उघडण्यासाठी" असं लिहून तारीख टाका, म्हणजे ती प्रत दुसऱ्या कामाला वापरणं अवघड जातं.

सहीबद्दल दोन शब्द, कारण तरुण पोरं इथे हमखास फसतात. फॉर्मवर झोकदार, वळणावळणांची सही ठोकतात आणि सहा महिन्यांनी चेकवर तशी जमत नाही. चेक परत येतो, शेरा असतो 'सही जुळत नाही', आणि वर दंड. झोपेतून उठवलं तरी जशीच्या तशी येईल अशीच सही द्या.

मोबाइल नंबर तुमचा स्वतःचा द्या. भावाचा, एजंटचा, दुकानदाराचा नको. ओटीपी त्याच नंबरावर येणार, म्हणजे खात्याची किल्ली त्याच्या खिशात जाणार. नंबर बदललात तर आधी बँकेत कळवा, मग जुनं सिम सोडा. बंद केलेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्या कुणाला तरी देते.

संयुक्त खातं असेल तर 'खातं कोण चालवणार' या रकान्यावर घाई करू नका. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' म्हणजे दोघांपैकी कुणीही एकट्याने सही करून पैसे काढू शकतो आणि एकाच्या पश्चात दुसऱ्याला खातं चालवता येतं. 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' म्हणजे पहिलं नाव असलेला हयात असेपर्यंत त्यालाच अधिकार. 'जॉइंटली' म्हणजे प्रत्येक वेळी दोघांच्या सह्या. नवरा-बायकोच्या घरखर्चाच्या खात्याला पहिला पर्याय सोयीचा, हे माझं मत.

मग वारसाचा, म्हणजे नॉमिनीचा रकाना. एक आजोबा आठवतात. दर महिन्याला पेन्शन घ्यायला यायचे. एकदा सहज खातं उघडून बघितलं तर नॉमिनी म्हणून त्यांच्या थोरल्या भावाचं नाव होतं. भाऊ जाऊन अकरा वर्षं झाली होती. "तेव्हा लग्न झालं नव्हतं ना माझं," ते म्हणाले. बदलायला पाच मिनिटं लागली. न बदलता ते गेले असते तर आजींना वारसाचे कागद, हमीपत्रं, नातेवाइकांच्या सह्या अशी वणवण झाली असती.

१ नोव्हेंबर २०२५ पासून खात्याला चारपर्यंत नॉमिनी देता येतात. प्रत्येकाचा टक्का ठरवून देता येतो, किंवा एकामागून एक असा क्रम लावता येतो. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक पैसे त्याच्या हाती देते, पुढे ते कायदेशीर वारसांना पोचवणं त्याच्या अंगावर असतं. फॉर्म दिल्यावर पासबुकावर 'नॉमिनेशन नोंदले' असा शिक्का किंवा छापील ओळ आली की नाही, तेवढं बघून घ्या.

पासबुक वाचायला बसा

चहा घेऊन बसा म्हणणार होते, पण पेन्सिल घेऊन बसा. पासबुकात किंवा स्टेटमेंटमध्ये रकाने ठरलेले असतात: तारीख, तपशील, चेक क्रमांक, नावे, जमा, शिल्लक. 'जमा' म्हणजे आले. 'नावे' म्हणजे तुमच्या नावावर टाकले, अर्थात गेले. हल्ली त्याला डेबिट म्हणतात. एसएमएसमध्ये 'डेबिटेड' आलं की पैसे गेले आणि 'क्रेडिटेड' आलं की आले. या दोन शब्दांची अदलाबदल करून घाबरलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्याहून वाईट म्हणजे, पैसे गेले असताना खूश झालेलीही.

तपशिलाचा रकाना सर्वांत गचाळ असतो. आखूड इंग्रजी अक्षरं, आकडे, तिरक्या रेघा. त्यातली नेहमीची मंडळी ओळखून ठेवा. 'एटीएम डब्ल्यूडीएल' म्हणजे यंत्रातून काढलेली रोख. 'पीओएस' म्हणजे दुकानात कार्ड घासलं. 'यूपीआय' पुढे लांबलचक आकडा आणि समोरच्याचं अर्धवट नाव. 'क्लिअरिंग' म्हणजे चेक वटला. 'एसीएच' किंवा 'नॅच' म्हणजे कुणीतरी तुमच्या आधीच्या परवानगीने पैसे ओढून घेतले: कर्जाचा हप्ता, म्युच्युअल फंडाची एसआयपी, विम्याचा हप्ता. 'इंट' म्हणजे व्याज, आणि 'चार्जेस' म्हणजे ज्यासाठी पेन्सिल आणली ते.

मे महिन्याच्या शेवटी पासबुकात २० रुपये आणि ४३६ रुपये अशा दोन ओळी दिसतील, दोन्ही किंवा एखादीच. चोरी नाही ती. २० रुपये पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचे, म्हणजे २ लाखांचा अपघात विमा. ४३६ रुपये जीवन ज्योती योजनेचे, २ लाखांचा आयुर्विमा. दोन्हींचं वर्ष १ जूनला सुरू होतं. खातं उघडताना फॉर्मवर कुठेतरी खूण केलेली असते आणि माणूस ती विसरून जातो. मला विचाराल तर या दोन ओळी असू द्याव्यात, आणि घरच्यांना त्या आहेत हे सांगून ठेवावं. विमा होता हेच कुटुंबाला माहीत नव्हतं, असंही पाहिलंय.

आता किमान शिलकीचा दंड. इथे लोक 'किमान' हा शब्द ऐकतात आणि 'सरासरी' हा शब्द ऐकत नाहीत. बहुतेक बँका रोजची दिवसअखेरची शिल्लक घेतात, महिन्याची बेरीज करतात आणि दिवसांनी भागतात. एक उदाहरण करूनच पाहू. समजा बँकेला सरासरी ५,००० हवेत. महिना ३० दिवसांचा, म्हणजे रोजच्या शिलकींची बेरीज दीड लाख व्हायला हवी. तुमच्या खात्यात १ ते ५ तारखेला २२,००० होते: पाच दिवसांचे झाले १,१०,०००. सहा तारखेला घरभाडं, हप्ता वगैरे जाऊन उरले १,०००, आणि ते महिनाअखेरपर्यंत तसेच राहिले: पंचवीस दिवसांचे २५,०००. बेरीज १,३५,०००, भागिले ३०, सरासरी ४,५००. म्हणजे ५०० ने कमी आणि दंड लागू.

आता समजा २८ तारखेला हे तुमच्या लक्षात आलं. त्या दिवशी ५,००० रुपये आणून ठेवले आणि महिना संपेपर्यंत हात लावला नाही. २८, २९, ३० असे तीन दिवस, १५,००० ची भर. बेरीज बरोबर दीड लाख. दंड नाही. १ तारखेला पैसे परत काढून घ्या, कुणी काही म्हणणार नाही. हिशेब कळला की असा उपाय सापडतो.

बँकेलाही इथे मोकळं रान नाही. शिल्लक कमी पडली तर आधी कळवावं लागतं, दंड जेवढी तूट त्या प्रमाणातच लावता येतो, आणि दंड कापून खातं उणे करता येत नाही. खातं उणे दाखवत असेल तर शाखेत जाऊन लेखी विचारा. हा नियम १ एप्रिल २०१५ पासून लागू आहे.

व्याजाचंही तसंच. २०१० च्या एप्रिलपासून बचत खात्यावरचं व्याज रोजच्या शिलकीवर मोजतात आणि साधारणपणे तीन महिन्यांनी जमा करतात. समजा दर वर्षाला ३ टक्के आणि खात्यात ४०,०००. दिवसाचे होतात ३ रुपये २९ पैसे. दर बँक स्वतः ठरवते, म्हणून विचारून घ्या. एवढ्याशा व्याजासाठी मोठी रक्कम बचत खात्यात झोपवून ठेवण्यात अर्थ नाही. दोन-तीन महिन्यांचा खर्च भागेल एवढे पैसे इथे आणि बाकीची मुदत ठेव. ठेवीचा दर साधारणपणे जास्त असतो. एकच मोठी ठेव करण्यापेक्षा चार छोट्या करा, म्हणजे अडीअडचणीला एक मोडली तरी बाकीच्यांचं व्याज शाबूत राहतं.

अजून एक गोंधळ: 'शिल्लक दिसते, पण काढता येत नाही.' भरलेला चेक अजून वटलेला नसतो, किंवा खात्यावर 'लिअन' म्हणजे रक्कम अडवून ठेवल्याची खूण असते. शेअरच्या नव्या विक्रीला अर्ज केलात तर तेवढे पैसे असेच अडकून राहतात, शेअर मिळाले नाहीत की मोकळे होतात. अॅपमध्ये 'अव्हेलेबल' असं लिहिलेला आकडा तोच तुमचा खरा.

महिन्यातून एकदा, पगार झाल्यावरच्या रविवारी म्हणा, सगळ्या ओळी वाचून ओळखीच्या ओळींवर पेन्सिलीने खूण करत जा. खूण नसलेली ओळ उरली तर सोमवारी बँकेत. एवढंच. शनिवारी जाणार असाल तर दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा, हे ध्यानात ठेवा.

पैसे पाठवणं

यूपीआय तुम्ही वापरत असालच, २०१६ पासून ते आहे. त्यातली एकच गोष्ट दगडावर कोरून ठेवा: पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकलात म्हणजे पैसे गेले. "पैसे मिळवण्यासाठी हा क्यूआर स्कॅन करा" असं म्हणणारा माणूस चोर आहे. त्याच्याशी बोलत बसू नका.

मोठ्या रकमेला एनईएफटी, आरटीजीएस आणि आयएमपीएस. आयएमपीएसने ५ लाखांपर्यंत लगेच जातात. आरटीजीएस किमान २ लाखांपासून. एनईएफटी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या टप्प्यांनी चालतं, म्हणून पाच मिनिटांत पोचलं नाही म्हणून घाबरून दुसऱ्यांदा पाठवू नका. तिन्ही सेवा आता दिवसरात्र, सुट्टीलाही चालू असतात.

पाठवताना लागतो खाते क्रमांक आणि आयएफएससी. हा आयएफएससी अकरा अक्षर-अंकांचा असतो: पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं कायम शून्य, शेवटची सहा शाखेची. पाचव्या जागी इंग्रजी 'ओ' टाइप केला की चुकतं. बँका पैसे जमा करतात ते खाते क्रमांकावर. नाव चुकलं तरी क्रमांक कुणाचा तरी असला तर पैसे त्याला जातात, आणि त्याच्या संमतीशिवाय बँक ते परत ओढू शकत नाही. म्हणून नव्या खात्यावर आधी १ रुपया पाठवा, समोरच्याला फोन करून मिळाला का विचारा, मग बाकीचे. माझ्या हातून एकदा दोन आकडे उलटसुलट झाले होते, तेही बँकेत नोकरीला असताना. गेलेली रक्कम परत यायला पाच आठवडे लागले. एप्रिल २०२५ पासून एनईएफटी-आरटीजीएसमध्ये पाठवण्याआधी खातेदाराचं नाव पडद्यावर दिसण्याची सोय आली आहे. ते नाव वाचा, नुसतं पुढे पुढे दाबू नका.

चेक

चेक कमी झाले, संपले नाहीत. घरमालक, सोसायटी, शाळा कुठे ना कुठे मागतातच.

नाव लिहून उरलेल्या जागेत रेघ ओढा. अक्षरी रक्कम लिहून शेवटी 'फक्त'. आकड्यांत रकमेला अगदी चिकटून तिरकी रेघ आणि आडवी रेघ. डाव्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघांमध्ये 'अकाउंट पेयी'. या दोन रेघांमुळे तो चेक रोखीत वटवता येत नाही, ज्याच्या नावाचा त्याच्याच खात्यात जातो. खाडाखोड झाली तर चेक फाडून नवा लिहा. शेजारी सही करून दुरुस्ती करण्याची जुनी पद्धत आता चालत नाही, कारण चेकची नुसती प्रतिमा पुढे जाते. मराठीत चेक लिहिला तर चालतो का, हा प्रश्न मला नेहमी यायचा. चालतो.

चेक लिहिल्या तारखेपासून तीन महिनेच वैध. ५०,००० किंवा त्याहून मोठा चेक दिलात तर 'पॉझिटिव्ह पे'मध्ये, म्हणजे अॅपवर किंवा शाखेत, त्याचा क्रमांक, तारीख, नाव, रक्कम आधी कळवून ठेवता येते. ऑक्टोबर २०२५ पासून चेक पूर्वीसारखे दिवसातून एकदा गठ्ठ्याने न जाता दिवसभर सलग वटतात. "चेक आज दिलाय, पैसे उद्या भरू" हा हिशेब आता अंगाशी येतो.

पैसे नसताना चेक देणं हा गुन्हा आहे. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८. चेक परत आल्याची नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे दिले नाहीत तर खटला उभा राहू शकतो, शिक्षा दोन वर्षांपर्यंतची असू शकते. 'विश्वासाखातर' कुणाला सही केलेला कोरा चेक देऊ नका. रद्द चेक मागितला तर त्यावर आडव्या दोन रेघा आणि मध्ये 'कॅन्सल्ड' लिहून द्या. सही करायची गरज नाही, करूच नका.

कार्ड आणि यंत्र

नवं डेबिट कार्ड हातात येतं तेव्हा ते देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या यंत्रावरच चालतं. ऑनलाइन, परदेशातले आणि नुसतं टेकवून होणारे व्यवहार तुम्ही अॅपमधून चालू केले तरच होतात. जे लागत नाही ते बंदच ठेवा, आणि रोजची मर्यादाही कमी करून ठेवा. टेकवून पिनशिवाय ५,००० पर्यंत जाऊ शकतात, म्हणून तो पर्याय मी माझ्या कार्डावर बंदच ठेवला आहे. घरचे हसतात, हसोत.

स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर महिन्यात पाच व्यवहार फुकट. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महानगरांत तीन, इतरत्र पाच. पुढे प्रत्येकी २३ रुपयांपर्यंत आणि वर कर. नुसती शिल्लक बघणं हाही व्यवहारच मोजला जातो.

यंत्रातून नोटा आल्या नाहीत आणि खात्यातून पैसे गेले, तर पावती किंवा एसएमएस जपून ठेवा. यंत्राचा क्रमांक आणि वेळ लिहून घ्या आणि स्वतःच्या बँकेत तक्रार करा, यंत्र कुणाचंही असो. व्यवहारानंतर पाच दिवसांच्या आत पैसे आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, मागितली नाही तरी. माझा अनुभव असा की मागितलेली बरी.

पैसे चोरीला गेले तर

पहिलं काम बँकेच्या टोल फ्री नंबरवर फोन करून कार्ड आणि खातं गोठवणं, दुसरं १९३० वर फोन. १९३० हा सायबर फसवणुकीचा सरकारी क्रमांक. पहिल्या तासात कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. बँकेचा नंबर गूगलवर शोधू नका. तिथे चोरांनी आपले नंबर पेरलेले असतात. कार्डाच्या पाठीवर असतो तोच घ्या, आणि आजच मोबाइलमध्ये साठवा. बँकांच्या वेबसाइटचा पत्ताही आता 'डॉट बँक डॉट इन'ने संपतो, ते बघून आत शिरा.

रिझर्व्ह बँकेच्या २०१७ सालच्या परिपत्रकाप्रमाणे चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्याचीच असेल आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान तुमच्या माथी येत नाही. ओटीपी किंवा पिन तुम्हीच सांगितला असेल तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. म्हणून लाज वाटली तरी लगेच कळवा. शिकलेली, मोठ्या हुद्द्यावरची माणसं फसलेली मी पाहिली आहेत आणि लाजेपायी ती दोन दिवस गप्प बसलेलीही.

बँक दाद देत नसेल तर तक्रार लेखी द्या आणि तिचा क्रमांक घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. शुल्क नाही, वकील लागत नाही, मराठीत लिहिलं तरी चालतं. १४४४८ वर फोन करून माहिती मिळते. तोंडी भांडणाला मात्र कुठेच नोंद नसते. काउंटरवर आवाज चढवणाऱ्यापेक्षा शांतपणे दोन प्रतींत अर्ज आणणाऱ्याला आम्ही जास्त घाबरायचो, हे आता निवृत्तीनंतर सांगायला हरकत नाही.

पडून राहिलेली आणि नको असलेली खाती

खात्यात दोन वर्षं तुमच्याकडून काहीच व्यवहार झाला नाही तर ते निष्क्रिय होतं. बँकेने आपणहून व्याज जमा केलं किंवा शुल्क कापलं, तो तुमचा व्यवहार धरत नाहीत. निष्क्रिय खातं पुन्हा चालू करायला केवायसीचे, म्हणजे ओळख आणि पत्ता पटवणारे, कागद द्यावे लागतात, पैसे नाहीत. किमान शिलकीचा दंडही अशा खात्यावर लावता येत नाही. दहा वर्षं कुणी फिरकलं नाही तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. ती बुडत नाही, वारसही मागू शकतात. 'उद्गम' नावाच्या पोर्टलवर नाव आणि पॅन टाकून आजी-आजोबांची विसरलेली खाती शोधता येतात.

दोन खाती पुरतात, फार तर तीन. नको ते बंद करा, पण नुसते पैसे काढून सोडून देणं म्हणजे बंद करणं नव्हे. आधी त्या खात्यातून कुठले हप्ते जातात ते मागच्या बारा महिन्यांच्या ओळींतून शोधा आणि दुसरीकडे वळवा. गॅसचं अनुदान, पीएफ, आयकराचा परतावा कुठे जमा होतो तेही बघा. मग मूळ शाखेत अर्ज, सोबत उरलेले चेक आणि कार्ड. कार्ड त्यांच्यासमोर चिपवरून आडवं कापा. शिल्लक नव्या खात्यात वळवायला सांगा. खातं बंद झाल्याचं पत्र मागा, आणि शेवटची ओळ छापून पासबुक परत घ्या. त्यावर 'खाते बंद' असा शिक्का मारून मागायचा. विसरतात ते.